अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही लोक उपाशी राहतात का?

हो, राहतात, तिथे तुटवडा अन्नाचा नसतो, पैशाचा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये १३.५ टक्के कुटुंबांना वर्षात कधी ना कधी पैशाअभावी पुरेसं अन्न मिळालं नाही किंवा मिळेल याची खात्री नव्हती. घरभाडं, औषधं, वीजबिल टाळता येत नाही, मग कात्री जेवणाला लागते. बहुधा आधी आईबापच स्वतःचं ताट कमी करतात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात जून-जुलैच्या मासेमारीबंदीत दुकानात तांदूळ असतोच, खलाशाच्या हातात रोकड नसते, तसंच हे. मात्र १३.५ टक्के म्हणजे सगळे रोज उपाशी, असं नव्हे. खरोखर जेवण कमी करावं लागलेली कुटुंबं देशातल्या एकूण कुटुंबांच्या ५.१ टक्के होती.