कुंडातले पाणकणीस

प्रश्न : आमच्या सिमेंटच्या कुंडात पाणकणीस आणि अंब्रेला पाम लावले आहेत. छाटणीनंतर पाणकणसाचा अर्धा गड्डा कुजला. असे का झाले असावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : छाटणी बहुधा पाण्याच्या पातळीखाली झाली असावी. पाणकणसाची पाने आतून पोकळ कप्प्यांची असतात आणि चिखलातल्या कंदाला हवा याच कप्प्यांतून, वाळलेल्या पानांमधूनसुद्धा, मिळते. त्यामुळे कापलेली टोके पाण्यात बुडाली की कंद गुदमरतो. तलावातले माजलेले पाणकणीस मारण्यासाठी हीच युक्ती वापरतात. तेव्हा पाने पाण्याच्या वर वीतभर राखूनच कापावीत.

उरलेला निरोगी कंद छिद्र नसलेल्या रुंद टबात, शेणखत न घालता, चिकण मातीत लावून तो टब कुंडात ठेवावा. मोकळा सोडल्यास तो दोन-तीन हंगामांत सारे कुंड व्यापतो, आणि कुंडाला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर त्याचे टोकदार कोंब तेही भेदतात. मातीवर 5 ते 10 सेंटिमीटर पाणी आणि भरपूर ऊन पुरे. कणसे फुटून कापूस उडण्यापूर्वीच काढावीत, नाहीतर शेजाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्याच.

अंब्रेला पाम हा लव्हाळ्याच्या कुळातला, स्वभावाने पुष्कळ सोशिक. त्याची छत्री बोटभर दांड्यासह कापून, पाने निम्मी छाटून, पाण्यात उलटी तरंगत ठेवल्यास काही आठवड्यांत मुळे फुटतात. डासांसाठी कुंडात गप्पी मासे सोडावेत. मात्र ते नैसर्गिक तळ्यात जाऊ देऊ नयेत.