जळगावच्या शाळेत, विज्ञान प्रदर्शनात फिरत्या रोबोंच्या थव्यातून पदार्थाच्या अवस्था दाखवता येतील का?

हो, आणि थ्रीडी प्रिंटरही लागत नाही. पाण्याच्या बाटलीची ३ सेंमीची झाकणं घ्या. झाकणात ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल, त्यावर नाण्यासारखी व्हायब्रेटर मोटर. खाली ग्लू-गनने चिकटवलेले टूथब्रशच्या केसांचे ३ झुबके, सगळे गोलाईने एकाच बाजूला कललेले. मोटर थरथरली की रोबो स्वतःभोवती फिरतो, कल उलटा केला की फिरणंही उलटं. गुळगुळीत कडेचे रोबो एकमेकांवरून नुसते घसरतात. झाकणाच्या कडेवरच्या खाचाच एकाची गती दुसऱ्याला देतात.

रोबो २०च ठेवा, रिंगण लहान करत जा. ३० सेंमी व्यासात ते सुमारे २० टक्के जागा व्यापतात: वायू. १९ सेंमीत ५० टक्के: द्रवासारखे, शेजारी बदलत राहतात. १६ सेंमीत ७० टक्के: जवळजवळ घट्ट.

खरी गंमत पुढे. १० लाल घड्याळाच्या दिशेने, १० निळे उलटे, असे मिसळा. अशा मिश्रणात सारख्या दिशेचे हळूहळू एकत्र येतात, हे जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रयोगाने दाखवलं. त्यांचे रोबो शेकडो होते. २० मध्ये गट अस्पष्ट दिसतील, म्हणून वरून मोबाइलने चित्रण करून ते वेगात दाखवा.

टेबल पाणसळीत नसेल तर सगळे एका कडेला जमतात आणि तोच गट वाटतो, ते आधी तपासा. मोटर सेलला झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढते, काही मिनिटांत वेग पडतो. सुटे सेल हाताशी ठेवा. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ग्लू-गनचा गोंद मऊ पडून झुबक्यांचा कल बिघडतो. मांडणी सावलीतच करा.