नळ बंद असतानाही पंप का सुरू होतो?

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचे फिरते घर करून घेतले आहे. त्यात ८० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, ओट्यावरचा नळ, बेसिन आणि लहानसे शौचालय आहे. गेल्या महिन्यात कास पाहून बामणोलीजवळ मुक्काम केला, तेव्हा सर्व नळ बंद असूनही पंप रात्रभर वीस-वीस मिनिटांनी दोन-तीन सेकंद घरघरत होता. शिवाय दात घासताना नळ बारीक सोडला की तो सारखा चालू-बंद होतो. गाडीत कोठेही ओल नाही. कारागीर पंपच बदला म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पंप इतक्यात बदलू नका. आपल्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत; त्या एकत्र केल्यामुळे सगळा आळ पंपावर आला असावा.

आपला पंप दाबावर चालतो. नळ उघडला की नळीतील दाब उतरतो आणि प्रेशर स्विच पंप सुरू करतो. नळ मिटला की दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढून पंप थांबतो. ही मर्यादा बहुधा पंपाच्या लेबलवरच छापलेली असते, उदाहरणार्थ ४५ किंवा ५५ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक). पुन्हा सुरू होण्याचा दाब मात्र त्याहून बराच कमी असतो. त्याअर्थी रात्री नळीतला दाब कोठून तरी सावकाश सुटतो आहे. पण दाब सुटला म्हणजे पाणी गाडीत सांडलेच पाहिजे, असे नाही. पाणी मागे जाऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी रबरी झडपा असतात. त्यांच्याखाली वाळूचा कण किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार अडकला, की पाणी थेंबाथेंबाने टाकीतच परतते आणि ही गळती कोणाच्याच नजरेस पडत नाही.

ती ओळखण्यासाठी पंपाच्या पुढच्या नळीत एक बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. रात्री पंप दाब भरून थांबला की हा व्हॉल्व्ह बंद करा. तरीही पंप सुरू होत राहिला तर दोष पंपात आहे. अशा वेळी तो पूर्वीपेक्षा लवकर सुरू होईल, कारण व्हॉल्व्हपर्यंतच्या वीतभर नळीत दाब धरून ठेवण्याइतके पाणीच नसते. तेव्हासुद्धा आधी टाकीकडची जाळी स्वच्छ करा, सर्व नळ पूर्ण सोडून पंप काही मिनिटे चालवा, कण अनेकदा वाहून जातो. तेवढ्याने भागले नाही तर त्या पंपाच्या झडपांचा संच सुटा मिळतो का, हे विचारावे.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर पंप गप्प राहिला, तर गळती पुढच्या नळीत आहे. यवतेश्वरच्या घाटातील हादऱ्यांनी नळीच्या क्लिपा ढिल्या होतात, म्हणून प्रत्येक सांध्याखाली रात्रभर कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. एक थेंबही त्यावर डाग सोडतो. शौचालयाच्या भांड्यात पाण्याची बारीक रेघ उतरते का, तेही पाहा. बाहेरचा पाइप जोडण्यासाठी गाडीच्या अंगावर तोंड असेल, तर तेथील नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेतून, गळणारे पाणी गाडीबाहेर पडते, आणि आपण शोधतो आत.

दात घासतानाच्या तक्रारीत बहुधा बिघाडच नाही. बारीक धारेला जेवढे पाणी लागते त्याहून पंप जास्त देतो, त्यामुळे दाब क्षणात चढतो आणि तितक्याच लवकर उतरतो. पंपाच्या पुढे साधारण एक लिटरची हवा भरलेली दाबटाकी, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, बसवला की हे थांबते. त्यातील हवा पंप बंद ठेवून, नळ उघडून पाणी सोडून दिल्यावरच मोजावी आणि ती पंप पुन्हा सुरू होण्याच्या दाबाइतकी किंवा किंचित कमी ठेवावी. बहुतेक दाबटाक्यांचा हवेचा व्हॉल्व्ह टायरसारखाच असल्याने पंक्चरवाल्याचे गेज चालते. मात्र गळती शोधण्याआधी ही दाबटाकी बसवू नका. पंप वीस मिनिटांऐवजी तासाने घरघरेल आणि आपल्याला दुरुस्ती झाल्याचा भास होईल. प्रेशर स्विचचा स्क्रू पिळण्याचा सल्लाही कोणी देईल. तो मानू नये, कारण मर्यादा फार वाढली तर पंप थांबणारच नाही.

तोवर झोपताना पंपाचे बटण बंद ठेवा. एखादी नळी निसटलीच, तर टाकीतले सगळे पाणी गाडीत उपसले जाणार नाही.