परदेशी जाण्याआधी: शोधनिबंधांच्या यादीविषयी

मेंदूविज्ञानातील तुमची पीएच.डी. संपत आली आहे, प्रथम लेखक म्हणून एक निबंध प्रसिद्ध झाला आहे, दुसरा परीक्षकांकडे आहे, आणि एवढ्या बळावर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदासाठी, परदेशी निघावे की एखाद्या मोठ्या नियतकालिकात नाव झळकेपर्यंत थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा आणि शिष्यवृत्त्यांची माहिती तुम्हाला अधिकृत ठिकाणी मिळेल. मी केवळ यादीबद्दल लिहिते, कारण हा प्रश्न माझ्या मनातूनही अजून गेलेला नाही.

थांबू नका. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-इंडेक्स (किमान तितक्याच वेळा उद्धृत झालेल्या निबंधांची संख्या) तुमच्या वयाला फारसे काही सांगत नाही. तो कधी घटत नाही, आणि काम कोणी उभे केले व लेखकांच्या यादीत नुसते मध्यावर कोण होते, हा भेदही करत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर ही नियतकालिकातील निबंध किती वेळा उद्धृत होतात याची सरासरी आहे, तुमच्या निबंधाची गुणवत्ता नव्हे. व्यक्तीला त्यावरून जोखू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आखलेल्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे, तरीही नियतकालिकाच्या नावाचा दबदबा गेलेला नाही, हेही मान्य करायला हवे. मात्र मुलाखतीत मला जे विचारले गेले ते वेगळेच होते: मेंदूतील पेशींच्या नोंदी कोणी घेतल्या, विश्लेषणाचा कोड कोणी लिहिला, आणि निष्कर्ष चुकीचा निघाला असता तर तो कशावरून कळला असता. हा शेवटचा प्रश्न आपल्या क्षेत्रात रास्तच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार मेंदूविज्ञानातील अभ्यासांची मध्यक सांख्यिकीय शक्ती, म्हणजे खरा परिणाम असल्यास तो अभ्यासात सापडण्याची शक्यता, सुमारे ८ ते ३१ टक्के इतकीच होती, म्हणून लहान नमुन्यावर मिळालेल्या दिमाखदार निष्कर्षाकडे जाणकार सावधपणे पाहतात.

प्रभाव किती उशिरा कळतो, याचे उदाहरण हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतील स्मृती व दिशाज्ञानाशी निगडित भागावर, काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना पाठ असते. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांचा स्थानपेशींवरील (प्राणी विशिष्ट जागी असताना सक्रिय होणाऱ्या पेशींवरील) छोटासा निबंध १९७१ चा. जागेचे जणू जाळे आखणाऱ्या ग्रिड पेशींचे वर्णन २००५ चे. या शोधांसाठीचे नोबेल २०१४ चे. आपले करार मात्र दोन-तीन वर्षांचे असतात, आणि त्यातच प्राण्याला कामगिरी शिकवणे, इलेक्ट्रोड बसवणे, नैतिक समितीची मंजुरी नव्याने मिळवणे, हे सारे येते. त्यामुळे स्थलांतरानंतर यादीत खंड पडतोच. तो आळसाचा पुरावा नव्हे, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

आता जे अजून सलते ते सांगते. मी जुनी प्रयोगशाळा सोडली तेव्हा एका निबंधाच्या बहुतेक नोंदी माझ्या होत्या. नंतर परीक्षकांनी नवे प्रयोग मागितले, ते दुसऱ्या विद्यार्थ्याने केले, आणि निबंध छापून आला तेव्हा लेखकांच्या यादीत माझे नाव मध्ये सरकले होते. त्या विद्यार्थ्याचे कष्ट खरे होते, त्यामुळे मला धड रागावताही येत नाही. पण तोच निबंध आज माझ्या यादीत सर्वाधिक उद्धृत झालेला आहे, आणि तो दिसला की माझे मन शांत राहत नाही.

कागदपत्रांचा त्रास निराळाच होता. लग्नाआधीचे निबंध एका आडनावाने आणि नंतरचे दुसऱ्या, त्यामुळे शोधयंत्रांत मी दोन व्यक्ती झाले होते, आणि कायम वास्तव्याच्या अर्जासाठी त्या दोघी एकच आहेत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागले. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे नाव बदलले तरी कायम राहणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, आजच काढून सगळे निबंध त्याला जोडा. त्याच अर्जासाठी प्रत्यक्ष ओळख नसलेल्या शास्त्रज्ञांची शिफारसपत्रे लागली, म्हणून मला उद्धृत करणारा प्रत्येक निबंध मी वाचून काढला. बहुतेकांनी प्रस्तावनेत इतर संदर्भांच्या रांगेत माझे नाव नुसते घेतले होते. पण काहींनी माझ्या विश्लेषणाची पद्धत स्वतःच्या नोंदींवर वापरली होती, आणि एकाने तिची मर्यादाही दाखवली होती. माझ्या कामाचा काही प्रभाव आहे असे मला वाटले ते तेवढ्यामुळेच, आणि अर्जातही मी त्याच निबंधांवर भर दिला.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो येतो आणि कामात निभावतो. मला सर्वाधिक उणीव भासली ती कच्चा मसुदा निःसंकोचपणे हाती द्यावा अशा माणसाची. तसे एक-दोन सहकारी मागे सोडून येत असाल तर त्यांच्याशी मसुद्यांची देवाणघेवाण चालू ठेवा.

तुमचा दुसरा निबंध मार्गदर्शकांच्या संमतीने बायोआर्काइव्ह (bioRxiv) या खुल्या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणापूर्वीची प्रत, म्हणून ठेवा, म्हणजे अर्जात तो कोणालाही वाचता येईल. आणि परीक्षकांनी नवे प्रयोग मागितले तर ते कोण करील, तसे झाल्यास लेखकांचा क्रम काय राहील, हे निघण्यापूर्वी ई-मेलवर लिहून घ्या. मार्गदर्शक कितीही मायाळू असले तरी लिहूनच घ्या.