उत्तर कोण देणार, हे आधी ठरव

प्रिय,

तुझा आराखडा मी दोनदा वाचला. नागरिकांनी रस्ते, पाणी, दिवे यांच्या तक्रारी मोबाइलवरून नोंदवाव्यात, त्या नकाशावर सर्वांना दिसाव्यात आणि संबंधित कार्यालयापर्यंत पोहोचाव्यात, ही तुझी कल्पना चांगली आहे. मात्र तुझ्या बारा पानांपैकी जवळजवळ अकरा पाने तक्रार आत कशी येईल याचे वर्णन करतात. आलेल्या तक्रारीचे पुढे काय होईल, हे तू एका पानात आटोपले आहेस. माझ्या मते हे प्रमाण उलटे असायला हवे.

असे मी म्हणते, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पाण्याच्या तक्रारींसाठी एक दूरध्वनी क्रमांक सुरू केला होता. फोन करायचा आणि आपला निरोप ध्वनिमुद्रित करायचा, एवढीच सोय होती. सुरुवातीला इतके निरोप आले की आम्ही त्यालाच यश समजून बसलो. ज्या कार्यालयाकडे आम्ही ते पाठवत होतो, तेथे ते ऐकण्याची जबाबदारी कोणा एका माणसावर नव्हती, आणि ती असावी असा आग्रह आम्हीही धरला नव्हता. हळूहळू फोन येणे थांबले. शेवटच्या काही निरोपांपैकी एकात एका बाईंनी फक्त विचारले होते, "हे कुणी ऐकतं का?" लोकांना आस्थाच नाही, असे आमच्यातील काहींनी तेव्हा म्हटले. ते खरे नव्हते. आम्ही लोकांचा विश्वास वापरून संपवला होता, आणि आमच्यानंतर जो कुणी त्यांच्याकडे नवा क्रमांक घेऊन गेला असेल, त्याला आमच्या मौनाची किंमत मोजावी लागली असेल.

म्हणून ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ साली सुरू केलेल्या 'फिक्स माय स्ट्रीट' या सेवेची रचना नीट अभ्यास. नागरिक नकाशावर खड्ड्याची जागा दाखवतो. ती जागा कोणत्या स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीत येते हे शोधण्याचे काम सेवा स्वतः करते. हे दिसायला लहान, पण करायला अत्यंत कष्टाचे काम आहे. प्रशासनाच्या हद्दी पाठ असणे ही नागरिकत्वाची अट असू नये, असा विचार त्यामागे आहे. तक्रार सर्वांना दिसेल अशी राहते आणि चार आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारले जाते की काम झाले का. त्या संपूर्ण रचनेत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कार्यालयाच्या नोंदीतले 'निकाली' आणि माणसाच्या दारासमोरचे 'दुरुस्त' यांत पुष्कळ अंतर असू शकते.

माध्यमाच्या निवडीबद्दल तू फारच घाई केली आहेस. लघुसंदेश सर्वांना परवडतो असे तू लिहिले आहेस, पण एका लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात आणि देवनागरीत ती मर्यादा ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजल्या जातात. आपल्या लिपीत दुःख सांगणाऱ्याला निम्म्याहून कमी जागा मिळते, ही गोष्ट मला आजही टोचते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा प्रश्न तर त्याच्याही आधीचा आहे. मध्य भारतात २०१० साली सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वर'ने म्हणूनच आवाजाचा मार्ग घेतला. साध्या फोनवरून, गोंडीसारख्या भाषेतही, माणूस आपली अडचण बोलून नोंदवू शकतो. ती तपासून मग सर्वांना ऐकण्यासाठी खुली केली जाते, आणि निरोपाच्या शेवटी अनेकदा संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक देऊन श्रोत्यांनाच फोन करण्याची विनंती केलेली असते. एकाची तक्रार अशी अनेकांची होते. काम झाले की तेही त्याच जागी नोंदवले जाते.

हैतीमध्ये १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर लोकांनी मदतीसाठी ४६३६ या क्रमांकावर संदेश पाठवले, तेव्हा त्यांतले बहुतेक हैतीच्या क्रेओल भाषेत होते, आणि परदेशांतून आलेल्या अनेक मदतपथकांना ती भाषा येत नव्हती. जगभर विखुरलेल्या हैतीयन स्वयंसेवकांनी ते संदेश भाषांतरित केले आणि त्यांतील ठिकाणे शोधून दिली. यंत्रणेच्या मध्यभागी माणसे असावी लागतात, आणि तुझ्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी एकही रक्कम दिसत नाही.

आणखी एका गोष्टीवर थांबून विचार कर. तक्रारींचा नकाशा गरज कोठे आहे हे दाखवतोच असे नाही. फोन, वेळ आणि बोलण्याचे धैर्य कोठे आहे, हे तो नक्की दाखवतो. ज्या वस्तीतून एकही तक्रार आली नाही, तेथे तू स्वतः जायला हवेस. काही वेळा मौनामागे भीतीही असते. केनियात २००७च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर दाखवण्यासाठी उभ्या राहिलेल्या 'उशाहिदी' या मंचाच्या नावाचा स्वाहिली भाषेतला अर्थ 'साक्ष' असा आहे, आणि साक्ष देणाऱ्याला धोका असतो. नकाशावरचा अचूक बिंदू एखाद्याच्या घराकडे बोट दाखवू शकतो. तक्रारदाराचा क्रमांक तक्रारीपासून वेगळा ठेव, त्याला विचारल्याशिवाय नाव उघड करू नकोस, आणि ज्या माहितीची गरज नाही ती मागूच नकोस.

पुढचा मसुदा लिहिण्याआधी एक महिना थांब, असे मी सुचवते. एकच वस्ती निवड, एक वही आणि एक साधा फोन घे, आणि तीस तक्रारी स्वतः लिहून घे. कार्यालयात जाऊन प्रत्येक तक्रारीसमोर जबाबदार माणसाचे पद लिही, आणि महिनाअखेरीस तिसांपैकी प्रत्येकाला परत फोन कर. काम झाले नसेल तर तसे सांगण्यासाठीही कर. ती वही मला पाठव. मसुदा आपण त्यानंतर एकत्र बसून वाचू.

सस्नेह,
तुझी मार्गदर्शक