नीसचं ओल्ड टाऊन आई-बाबांसोबत एका दिवसात

तुमचा प्लॅन वाचला. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या नीसला एकच पूर्ण दिवस, सकाळी दोन तासांत ओल्ड टाऊन उरकायचं आणि दुपारी मोनाको, आईंचे गुडघे कुरकुरतात आणि दोघंही पक्के शाकाहारी. मी इथून जवळच, सोफिया आंतिपोलीस या टेक्नॉलॉजी पार्कच्या बाजूला राहतो, आयटीच्या नोकऱ्यांमुळे इकडे बरीच मराठी मंडळी आहेत आणि उन्हाळ्यात प्रत्येकाकडे पाहुणे, त्यामुळे पाहुण्यांना नीस फिरवून आणणं हा आमचा जोडधंदाच झालाय म्हणा ना. तर स्पष्टच सांगतो, मोनाको कॅन्सल करा. ट्रेनने जेमतेम पंचवीस मिनिटांवर आहे, जाणं सोपंय, पण तिथे जाऊन बघायचं काय तर दुसऱ्यांच्या गाड्या आणि दुसऱ्यांच्या बोटी, आणि त्यापायी जुन्या नीसमधली सकाळ घाईत घालवायची, हे मला तरी पटत नाही.

आधी वार बघा. ओल्ड टाऊनमधल्या कूर सालेया चौकातला बाजार, म्हणजे फुलं, भाजी, फळं, ऑलिव्ह, मसाले, साबण, हे सगळं मंगळवार ते रविवार असतं. सोमवारी तिथेच जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, चांदीचे चमचे, जुनी पोस्टकार्डं, कुणाच्या तरी पणजीची झुंबरं वगैरे. बाबांना असल्या गोष्टींचा नाद असेल तर मुद्दाम सोमवार धरा, नाहीतर टाळा. भाजीवाले दुपारी एक-दीडला आवरायला घेतात, त्यामुळे आठ-साडेआठपर्यंत पोचायचंच, अकरानंतर क्रूझवाल्यांचे ग्रुप झेंडे घेऊन आले की गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. स्टेशनवरून एक नंबरची ट्राम घ्या आणि 'ओपेरा-व्हिएय व्हिल'ला उतरा, तिथून बाजार चालत अगदी जवळ. बाजाराच्या पूर्वेच्या टोकाला एक उंच पिवळी बिल्डिंग दिसेल, चित्रकार मातीस १९२० आणि ३० च्या दशकात तिथे वरच्या मजल्यावर राहायचा. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायची.

आता एक गोष्ट आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे बघायला जास्त मजा येते. हे गाव फ्रान्सचं झालं १८६० मध्ये. त्याआधी १३८८ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, सावॉय घराण्याकडे होतं, ज्या घराण्याने पुढे इटली एक केली तेच. म्हणून इथली गेरू आणि विटकरी रंगाची घरं, चर्चेस, गल्ल्यांच्या पाट्यांवर फ्रेंचसोबत असलेली नीसची स्वतःची बोली, सगळं पॅरिसपेक्षा इटलीतल्या जेनोआच्या जवळचं वाटतं. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीचा जन्म इथलाच, १८०७ चा, आणि आपलं गाव फ्रान्सला देऊन टाकलं याचा राग त्याने आयुष्यभर धरला. तरी त्याच्या नावाचा चौक आणि पुतळा आज फ्रेंच लोकच सांभाळतायत, आता काय बोलणार!

र्यू द्रुआत नावाची गल्ली आहे, ती र्यू द ला लोजला मिळते त्या कोपऱ्यावर मान वर करून भिंतीकडे बघा. घराच्या कोपऱ्यात एक तोफगोळा अडकवलेला आहे, खाली पाटी, साल १५४३. त्या वर्षी नीसवर हल्ला केला तो फ्रान्सचा राजा आणि तुर्की आरमार या दोघांनी मिळून, तुर्की आरमाराचा प्रमुख बार्बारोसा स्वतः आला होता. शहर पडलं पण वरचा किल्ला पडला नाही. कातरीन सेगुरान नावाच्या धोबिणीने धुणं बडवायच्या दांडक्याने एका तुर्की शिपायाला लोळवून त्याचा झेंडा हिसकावला अशी दंतकथा आहे, खरंखोटं देव जाणे पण गावात तिचं स्मारक आहे. त्याच गल्लीत पाले लास्कारिस, सतराव्या शतकातला बरोक वाडा, आत जुन्या वाद्यांचा मोठा संग्रह आणि तळमजल्यावर १७३८ चं औषधांचं दुकान जसंच्या तसं मांडलंय. मंगळवारी बंद असतो. जिना भव्य आहे पण आईंना चढायला लागेल, ते बघून ठरवा.

गल्ल्यांतून फिरताना खिडक्या बघा. हिरव्या-निळ्या झडपांच्या खालच्या भागात एक छोटी फळी असते ती बाहेरच्या बाजूला वर उचलून काठीने टेकवून ठेवतात, ऊन आत येत नाही, वारा येतो आणि आतली आजी खाली कोण चाललंय ते कुणाला न दिसता बघू शकते. काही खिडक्या तर भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या आहेत, मुलं सोबत असतील तर खोट्या खिडक्या शोधायला लावा, तास सहज जातो.

खाण्याचं. इथे शाकाहाऱ्यांची चंगळ आहे, फक्त नीट विचारून घ्या. सोक्का म्हणजे चण्याच्या पिठाचं, ऑलिव्ह ऑइल घातलेलं पातळ धिरडंच, पण लाकडाच्या भट्टीत, परातीपेक्षा मोठ्या तांब्याच्या तव्यावर भाजलेलं. कडा काळपट कुरकुरीत, मधे मऊ, उलथन्याने खरवडून ओबडधोबड तुकडे कागदात देतात, वर भरपूर मिरपूड आणि हातानेच खायचं. पीठ, पाणी, तेल, मीठ, बास, अंडंबिंडं काही नाही. गरमच खा, गार झालं की वातड होतं. बाजारात थेरेसाच्या स्टॉलवर भट्टी नसते, तवा दुसरीकडून भाजून येतो, त्यामुळे नवा तवा येईपर्यंत रांगेत थांबायचं आणि येताक्षणी घ्यायचं. कुर्जेटच्या (झुकिनीच्या) फुलांची भजी मिळतात, पिठात अंडं आहे का विचारा. पिसालादिएर दिसायला नुसता कांद्याचा पिझ्झा वाटतो पण त्यात अँचोव्ही मासा असतो, सालाद निस्वाजमध्येही मासा, फार्सी म्हणजे भरल्या भाज्या पण आत बहुतेक खिमा. तूर्त द ब्लेत हा पालेभाजी भरलेला गोड पाय (pie), मनुका आणि चिलगोजे घातलेला, ऐकून बाबा नाक मुरडतील पण अंडं चालत असेल तर एक तुकडा घ्याच. आइस्क्रीमला प्लास रोसेतीवर कॅथेड्रलसमोर फेनोकियो, शंभराच्या आसपास फ्लेवर, टोमॅटो-बेसिलसुद्धा आहे, मी लॅव्हेंडरच्या पुढे जात नाही.

किल्ल्याच्या टेकडीवर किल्ला शोधू नका, चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडून टाकलाय, आता तिथे बाग आहे, धबधबा आहे आणि एका बाजूला जुनं शहर, दुसऱ्या बाजूला बंदर असा नजारा. गुडघ्यांसाठी गावातून जाणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेला लागू नका, समुद्राच्या बाजूने बेलांदा बुरुजाजवळ फुकट लिफ्ट आहे. बरोबर बाराला मोठा धमाका होतो, तो ऐकून दचकू नका असं आईंना सांगा. बायको जेवायच्या वेळेला घरी यावी म्हणून १८६० च्या दशकात एका ब्रिटिश साहेबाने तोफ सुरू केली म्हणतात, ती प्रथा नगरपालिकेने चालू ठेवलीय.

दुपारी दोननंतर बऱ्याच किचनचे शटर सातपर्यंत खाली, चर्चेसही मधे बंद, म्हणून त्या वेळात हॉटेलवर आडवं व्हा किंवा प्रॉमनादवर, म्हणजे समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, निळ्या खुर्च्यांवर बसा. बीचवर वाळू अजिबात नाही, सगळे गोटे, आईंना चपला काढून चालता येणार नाही. सहाला परत गल्ल्यांत.

हॉटेलचं विचारलं होतंत. ओल्ड टाऊनच्या आत नका घेऊ. जुन्या बिल्डिंगांना लिफ्ट नसते, खाली बार रात्री उशिरापर्यंत चालू आणि गाडी दारापर्यंत येत नाही. प्लास गॅरिबाल्डीच्या पलीकडे, बंदराच्या बाजूला बघा. विमानतळावरून दोन नंबरची ट्राम थेट तिथे येते, बॅगा घेऊन बदलाबदली नको. गर्दीत पर्स पुढे धरायची एवढं मात्र आईंना सांगा.