आधी झाडू हातात घे

लक्ष्मीनगर, नागपूर
नवतपाचा तिसरा दिवस

बेटा,

तुझा मेसेज परवा भर दुपारी वाचला. बाहेर ४६ अंश, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मोबाइलवर तू लिहिलेलं : "काका, मला कर्लिंगमध्ये करिअर करायचंय. सिरियसली." मी आधी हसलो. मग उठून कूलरमध्ये पाणी भरलं आणि मेसेज परत वाचला. संध्याकाळी गेटपाशी तुझे बाबा भेटले. म्हणाले, "या पोट्टीले समजावून सांग ना बाप्पा. बर्फावरून दगड सरकवून गोलात थांबवायचा म्हणे हा खेळ. नागपुरात बर्फ कुठं भेटते, गोळेवाल्याजवळ?" समजावतो म्हटलं. काय समजावणार ते मात्र त्यांना सांगितलं नाही.

आधी माझी लायकी ऐकून घे. मी ऑलिंपिक तर सोडच, प्रांताच्या स्पर्धेतही कधी उतरलो नाही. कॅनडात विनिपेगला एकवीस वर्षं नोकरी केली, त्यातली चौदा वर्षं दर मंगळवारी रात्री एका क्लबात खेळलो. सेकंड होतो, म्हणजे चौघांच्या संघात दुसऱ्या क्रमांकावर आपले दोन दगड टाकायचे आणि बाकीचा सगळा वेळ दुसऱ्यांच्या दगडापुढे झाडू मारायचा. माझा सल्ला तेवढ्याच उंचीवरून आलेला आहे, हे लक्षात ठेव.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला आवडलं नाही. "भारतात कोणी खेळत नाही, म्हणजे कॉम्पिटिशन नाही, पटकन इंडियाच्या टीममध्ये नाव लागेल." ही आपली जुनी खोड आहे. रांग लहान दिसली की आपण खिडकी कसली आहे हे न बघता उभे राहतो. तुझ्या डोक्यात फिलिपिन्स असणार, मला माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत त्यांच्या पुरुषांनी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ५-३ असं हरवून सुवर्ण नेलं. त्या स्पर्धेतलं त्या देशाचं ते पहिलंच पदक. उन्हाचा देश, बर्फाचं सोनं, बातमी झकासच होती. पण त्या संघातले फिस्टर बंधू आणि ख्रिश्चन हॉलर स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले, तिथल्या बर्फावर तयार झालेले आहेत. ॲलन फ्राय मात्र मोठेपणी, धंद्यात नाव कमावल्यावर, या खेळाकडे वळला. आणि तोही राहतो तिथेच, बर्फाशेजारी. तुझ्या देशातली रांग लहान असेल, पण समोर उभी राहणारी पोरगी आठ वर्षांची असल्यापासून दगड सोडत आलेली असेल. तिच्याशी गाठ पडायची आहे हे मनात धरून पुढचं वाच.

टीव्हीवर दिसत नाही ते सांगतो. दगड असतो १७.२४ ते १९.९६ किलोंचा, म्हणजे पाण्याच्या वीस लिटरच्या भरल्या कॅनपेक्षा जरासा हलका. तो उचलायचा नसतो. हॅक नावाच्या रबरी टेकूवर एक पाय रोवून दुसरा पाय बुटाखालच्या सरकत्या तळव्यावर पुढे टाकायचा, पोट जवळजवळ बर्फाला टेकवायचं, आणि हॉग लाइन, म्हणजे दगड सोडायची शेवटची रेघ, यायच्या आत हँडलला हलकीशी गिरकी देऊन सोडून द्यायचं. हॅकपासून पलीकडच्या बटनपर्यंत, म्हणजे गोलाच्या मध्यापर्यंत, १२६ फूट. बर्फ आरशासारखा गुळगुळीत असेल असं तुला वाटत असणार. तसा नसतो. त्यावर पाण्याचे थेंब फवारून बारीक दाणे उठवतात, हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखे लागतात. दगडाची बूडबाजूही खोलगट असते. एक अरुंद कडा तेवढी त्या दाण्यांवरून घासत जाते आणि घरघर असा आवाज येतो, जात्यासारखा. तो आवाज मला नागपुरात परतल्यावर पहिली दोन वर्षं झोपेत यायचा.

एक गंमत घरी करून बघ. स्टीलचा पेला ओट्यावर पालथा घाल आणि घड्याळाच्या दिशेनं गिरकी देऊन सरकव. तो डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड तशीच गिरकी दिली की उजवीकडे वळतो. का, यावर भौतिकशास्त्रज्ञांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. तू व्हीएनआयटीची पोरगी, तुला हे सांगितल्यावर दोन दिवस अभ्यास होणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

याला बर्फावरचं बुद्धिबळ म्हणतात. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर कोणीही भेटलं की मला तीच उपमा ऐकवतं. मला ती पटत नाही. बुद्धिबळात घोडा जिथे ठेवला तिथे राहतो. इथे तुम्ही ठरवलं एक आणि दगड थांबला हातभर पलीकडे, की तिथून पुढचा सगळा डाव नव्यानं मांडायचा. हा खेळ कॅरमच्या जवळचा आहे. सोंगटीआड सोंगटी लपवणं, मारायचं की नुसतं टेकवायचं हे ठरवणं, दुपारनंतर बोर्ड जड झाला हे बोटाला कळणं. तू कॅरम खेळतेस ना? ते सोडू नकोस. फक्त इथे स्ट्रायकर सोडल्यावरही वीस-पंचवीस सेकंद खेळ चालू असतो, आणि ते सेकंद तुझ्या हातात नसतात.

ते झाडूवाल्यांच्या हातात असतात. स्किप, म्हणजे संघाचा कप्तान, पलीकडच्या टोकाला उभा राहून दिशा बघतो. दगडाचा वेग मात्र त्याला तिकडून नीट कळत नाही, तो दगडाशेजारून धावणाऱ्या दोघांना कळतो. या वेगाला म्हणतात वेट, वजनाशी त्याचा काही संबंध नाही. घासलं की बर्फ किंचित तापतो, दगड सरळ जातो आणि काही फूट जास्त जातो. घासायचं की नाही हे पळता पळता ठरवायचं, ओरडून स्किपला सांगायचं, आणि दगड चांगला बसला की टाळ्या दगड टाकणाऱ्याला. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला स्किप व्हायचं असतं, कॅमेरा त्याच्यावर असतो म्हणून. तुझ्या मेसेजमध्येही स्किप हा शब्द चारदा आहे, मी मोजला. माझं ऐकशील तर पहिली तीन-चार वर्षं लीड खेळ. पहिले दोन दगड टाक आणि उरलेले सहा दगड घासत जा. बर्फ वाचायला त्याच्याइतकी चांगली शाळा नाही, आणि चांगला लीड हवा असलेले संघ जगभर असतात. स्किप पुष्कळ पडलेत.

आता माझी एक गोष्ट सांगतो, तुझ्या बाबांनाही मी ती सांगितलेली नाही. दुसरं वर्ष असेल. आमचा शेवटून दुसरा दगड मी आणि माझा जोडीदार घासत होतो. तो माणूस निवृत्त पोस्टमन, सत्तरीचा. दगड हाउसमध्ये, म्हणजे पलीकडच्या गोलात, शिरताना माझा ब्रूम, म्हणजे झाडू, त्याला लागला. लागला म्हणजे काय, केसाएवढा. दगड गार्डच्या, म्हणजे पुढे आडोशाला ठेवलेल्या दगडाच्या, मागे सुरेख जाऊन बसला, आमचा स्किप खूश. कोणी पाहिलं नव्हतं. इथे पंच नसतो, ज्याचा ब्रूम लागला त्यानंच सांगायचं असतं, हा या खेळाचा रिवाज आहे आणि मला तो ठाऊक होता. मी दोन सेकंद गप्प राहिलो. दोनच. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "ब्रूम लागला." कोणाचा ते नाही म्हणाला. समोरच्या स्किपनं दगडाकडे बघितलं आणि तो काढून बाजूला सरकवला. आम्ही एका गुणानं हरलो. मग वर जाऊन दोन्ही संघ एकाच टेबलावर बसलो, जिंकलेल्यांनी पाजायचं हा तिथला नियम. म्हाताऱ्यानं त्यावर एक शब्द काढला नाही. निघताना कोट घालता घालता एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी तू सांग." त्यानंतरच्या बारा वर्षांत माझा ब्रूम आणखी तीनदा लागला. तिन्ही वेळा मी सांगितलं आणि त्यातला एक सामना त्यापायी गेला.

पैशाचं लवकर उरकतो, कारण त्यात फारसं काही नाही. या खेळावर घर चालत नाही. काही देशांत वरच्या संघांना सरकारी पैसा मिळतो, बाकीचे नोकरी करून खेळतात. २०१८ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचा स्किप जॉन शूस्टर खेळाच्या सामानाच्या दुकानात काम करायचा आणि त्याचा जोडीदार टायलर जॉर्ज दारूचं दुकान सांभाळायचा. त्याआधीच्या दोन ऑलिंपिकांत शूस्टरचा संघ शेवटच्या दोन क्रमांकांत होता, आणि संघटनेनं त्याला आपल्या खास प्रशिक्षण गटातूनही वगळलं होतं. २०२२ ला ब्रिटनला सुवर्ण मिळवून देणाऱ्या संघातली विकी राइट परिचारिका आहे. म्हणून डिग्री सोडायचा विचार मनातून काढून टाक. डिग्री पूर्ण कर, आणि नोकरी अशी शोध जिथे हिवाळ्यात लांब रजा मिळेल. पगार थोडा कमी चालेल. रजा हेच तुझं भांडवल.

बर्फाचं काय, हे तू विचारणारच. आपल्याकडे देहरादूनचं रिंक आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं, मग वर्षानुवर्षं कुलूप, आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडून तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धा झाली. जरूर जा, बर्फावर उभं राहण्याची भीती तिथे मोडेल. पण स्केटिंगच्या बर्फावर दगड कसा चालतो यावर विश्वास ठेवू नकोस. तो बर्फ समतल नसतो, दाणे नसतात, दगड भलतीकडे घसरतो आणि तुझा हात बिघडतो. खरं शिकायला बाहेर जावं लागेल, दरवर्षी काही आठवडे तरी. त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. आपला ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेता झाला, पण त्यासाठी त्यालाही नागपूर सोडून साताऱ्याला जाऊन राहावं लागलं. आणि तिरंदाजीला तर बर्फही लागत नाही.

तरी पैशाआधी आणि बर्फाआधी तुला माणसं लागणार आहेत. कोरियात उइसाँग नावाचा तालुक्याएवढा भाग आहे, लसणासाठी प्रसिद्ध, आपला काटोल-नरखेड पट्टा संत्र्यासाठी आहे तसा. तिथे २००६ मध्ये कर्लिंगचं केंद्र झालं. शाळेतल्या दोन मैत्रिणी खेळायला लागल्या, एकीची धाकटी बहीण तिला काहीतरी वस्तू द्यायला आली आणि तिथेच अडकली, मग बहिणीची मैत्रीण आली. २०१८ ला त्या पोरींनी ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं. स्किप आपल्या लीडला "योंग-मी!" अशी हाक मारायची, ती हाक त्या वर्षी सगळ्या कोरियात गाजली. नीट बघ, ती हाक घासणाऱ्या पोरीच्या नावाची आहे.

तुझ्याकडे चौघी जमणं अवघड आहे, म्हणून मिक्स्ड डबल्सकडे बघ. एक मुलगा, एक मुलगी, आठ एंड म्हणजे फेऱ्या, प्रत्येक एंडला जोडीला पाच दगड. २०१८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. दोन तिकिटं, एक खोली जास्त, भागतं. पण जोडीदार निवडताना तो किती चांगला फेकतो हे शेवटी बघ. हरल्यावर परतीच्या गाडीत तो कसा वागतो हे आधी बघ. कॅरमच्या स्पर्धेला एकदा दोघं अमरावतीला जाऊन या, कळेल.

आणि इथे बसून काय करायचं, तर भरपूर आहे. एका पायावर खोल बसून तोल धरणं, दोन्ही बाजूंनी, रोज. ब्रूम घासायला खांदे आणि कंबर लागते, अंबाझरीच्या काठी नुसतं चालून ती येत नाही, दंड-बैठका आणि छोट्या वेगवान धावा लागतात, वीस-पंचवीस सेकंद जीव तोडून आणि मग एक मिनिट श्वास. जुने सामने बघताना पॉझ दाबून प्रत्येक दगडाआधी थांब आणि स्किप काय सांगेल ते वहीत लिही, मग पुढे चालू कर. हॅमर हातात असताना, म्हणजे शेवटचा दगड आपला असताना, चांगले संघ एक गुण मिळत असूनही मुद्दाम शून्य का करतात, हे ज्या दिवशी मला न विचारता तुझं तुला कळेल त्या दिवशी फोन कर. महागडा ब्रूम इतक्यात विकत घेऊ नकोस. २०१५-१६ मध्ये ब्रूमच्या कापडावरून एवढं रामायण झालं की आता कुठलं चालतं याची यादीच असते आणि ती बदलते.

माझा जुना स्लायडर, तो सरकता तळवा, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आहे. तुझ्या काकूनं दोनदा भंगारात काढला होता, मी दोनदा परत आणला. आमच्या हॉलची फरशी जुनी, पॉलिशची, चौदा फूट मोकळी मिळते, सोफा सरकवला तर सतरा. रविवारी सकाळी सहाला ये, ऊन चढायच्या आत. जाड मोजे आण, स्टॉपवॉच आण, आणि ज्याच्याशी तुझं कॅरमवर सगळ्यात जास्त भांडण होतं त्यालाही घेऊन ये. पोहे तर्रीसकट माझ्याकडे. सोफा मात्र तुम्ही दोघांनी सरकवायचा, माझी कंबर आता ऐकत नाही.

तुझा,
काका